सर्जनच्या रकान्यात

१ जानेवारी २०२५, बुधवार

प्रियंकानं पुण्याहून ही डायरी पाठवली. फोनवर म्हणाली, बाबा, तुम्ही कुणाशी बोलत नाही, निदान लिहीत तरी जा. मी कुणाशी बोलत नाही हे या पोरीला पुण्यात बसून कसं कळतं कोण जाणे.

पहिल्या पानावर नाव-गाव विचारलंय, ते भरलं. डॉ. प्रेमदास आडे. वय सदुसष्ट. सर्जरी विभागप्रमुख, ट्रस्टचं रुग्णालय. सेनगावकडच्या तांड्यावरचा पहिला डॉक्टर, हे लिहायला रकाना नव्हता. 'अडचणीच्या वेळी कुणाला कळवावे' असा मात्र एक होता. शांता असती तर तिचं नाव लिहिलं असतं. तिला जाऊन चार वर्षं झाली. रकाना तसाच ठेवला.

कागद फार गुळगुळीत आहे, पेन घसरतं. अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. दुसरं पेन आणायला हवं.

७ जानेवारी, मंगळवार

ऑपरेशनचा दिवस. चार झाली, चारही पेशंट ठणठणीत.

हुमेरा ही माझी तिसऱ्या वर्षाची विद्यार्थिनी. वसमतची, बाप शिंपीकाम करतो. पोरगी हुशार आहे, पण उतावळी. मी चिमट्याकडे हात नेतो तोवर तिनं तो उचललेला असतो. 'सर, मी घेते,' एवढंच म्हणते. पूर्वी पहिला छेद तरी मी द्यायचो. आता तोही तीच देते आणि मी स्टुलावर बसून लक्ष ठेवतो. पोरांना संधी द्यावी माणसानं.

आमच्या थिएटरची एक पद्धत आहे. पेशंट आत घेतला की अनुसया सिस्टर रजिस्टर उघडते आणि सर्जनच्या रकान्यात माझं नाव लिहून मोकळी होते. तेव्हा सुरी कुणी उचललेलीही नसते. यात काही वावगं नाही. सर्जन घडवायच्या जागा दिल्लीच्या बोर्डानं दिल्या त्या माझ्या नावावर, विभाग माझा, तेव्हा ऑपरेशनंही माझीच.

दुपारी हुमेरा दबकत केबिनमध्ये आली. जूनमध्ये तिची शेवटची परीक्षा आहे आणि फेब्रुवारीअखेर लॉगबुक दिल्लीला जायचंय. लॉगबुकात प्रत्येक ऑपरेशनापुढे विद्यार्थ्यानं काय केलं ते लिहून मी सही करायची असते. पाहिलं, मदत केली किंवा स्वतः केलं, या तीनपैकी एक. तिच्या दोनशे अकरा ऑपरेशनांपुढे मी 'मदत केली' असं लिहिलंय. म्हणाली, 'सर, स्वतः केलं असं निदान पन्नास ठिकाणी लागतं. नाहीतर परीक्षेलाच बसू देणार नाहीत.'

म्हटलं, बघू. पण रजिस्टरमध्ये सर्जन मी असेन तर लॉगबुकात ती कशी असेल? एका ऑपरेशनाला दोन सर्जन दाखवता येत नाहीत. शिवाय माझा आकडा आता पाच हजाराला टेकलाय.

चहा आला, नेहमीसारखा अर्धा कप. कँटीनच्या पारुबाईला दोनदा सुनावलं. ती हसते आणि थोड्या वेळानं परत अर्धा कप आणते. ट्रस्टची काटकसर चहापर्यंत पोचली म्हणायची.

१४ जानेवारी, मंगळवार

संक्रांत. घरी कुणी तिळगूळ घेऊन आलं नाही. येणार तरी कोण? क्वार्टरच्या या ओळीत आता मी एकटाच राहतो.

हुमेराच्या वडिलांनी, अन्सारभाईंनी, माझ्यासाठी सदरा शिवून पाठवला. माप न घेता बरोबर बसला. काजं केलेली नाहीत, आतून टिचबटणं लावलीत, लहान लेकरांच्या झबल्याला असतात तशी. शिंप्याची हौस, दुसरं काय. मात्र झटक्यात घालून होतो. हल्ली थंडीनं बोटं आखडतात, सकाळची बटणं म्हणजे जिवाला ताप झालाय.

१७ जानेवारी, शुक्रवार

शिरड शहापूरच्या द्वारकाबाई आल्या होत्या, सोबत मुलगा सोनाजी. पित्ताशयात खडे आहेत, पिशवी काढावी लागेल. म्हातारीनं माझा हात दोन्ही हातांत धरला. 'मोठ्या सायबाच्या हातानं व्हणार असल तरच म्या टेबलावर जाते,' म्हणाली.

मी हो म्हटलं. हुमेरा शेजारी उभी होती. तिनं मान खाली घालून केसपेपरवर मंगळवारची तारीख टाकली.

ट्रस्टचे सचिव पुनमचंदशेठ नंतर येऊन गेले. पाच हजार शस्त्रक्रियांबद्दल वसमतच्या व्यापाऱ्यांनी माझा सत्कार ठेवलाय, तोही मंगळवारीच. मी म्हटलं, ऑपरेशनचा दिवस आहे. शेठ म्हणाले, 'पोरगी हाय की.' खरंच आहे, नाहीतरी मी स्टुलावरच बसतो.

२१ जानेवारी, मंगळवार

सत्कार उत्तम झाला. शाल, श्रीफळ, आणि हळदीच्या गाठींचा हार. तांड्यावरून दोन जीप भरून माणसं आली होती. म्हातारा शंकरसिंग पुढच्या ओळीत बसून डोळे पुसत होता. मी पाचवीला असताना यानंच मला खांद्यावर घेऊन नदी ओलांडून शाळेत सोडलं होतं. भाषणात मी हाताबद्दल बोललो. सर्जनचा हात ही देवाची देणगी, वगैरे. टाळ्या पुष्कळ पडल्या.

परत येताना गाडीत फोन पाहिला. हुमेराचे तीन मिस कॉल होते. फोनचा आवाज बंद होता आणि स्टेजवर बसून माणूस फोन थोडाच बघतो?

पोचलो तेव्हा द्वारकाबाईंना नांदेडला हलवलं होतं. पित्ताची मुख्य नळी कापली गेली.

२२ जानेवारी, बुधवार

हुमेराकडून सगळं नीट ऐकून घेतलं. पिशवी आतड्याला आणि यकृताला घट्ट चिकटलेली. कुठली नळी कुठं जाते ते कळेना, म्हणून तिनं हात थांबवला आणि मला फोन लावला. दहा मिनिटं वाट पाहून पुन्हा लावला, मग तिसऱ्यांदा. भूल जास्त वेळ लांबवता येणार नाही असं भूलतज्ज्ञ म्हणाले, तेव्हा तिनं पुढं जायचं ठरवलं आणि चुकलं. पिवळं पित्त दिसताच तिनं ओळखलं. पित्त बाहेर यायला आत रबरी नळी सोडली, पोट बंद केलं आणि स्वतः अँब्युलन्समध्ये बसून नांदेडला गेली. पहाटे परत आली ती त्याच कपड्यांवर. नांदेडच्या डॉक्टरांनी मला फोनवर सांगितलं, वेळेत पाठवलं म्हणून बाई वाचतील, पण आणखी एक मोठं ऑपरेशन लागेल.

मी तिला म्हटलं, असं होतं कधीकधी. ती उठून वॉर्डाकडे गेली. रडली असती तर मला काही बोलता आलं असतं.

सोनाजी कपडे न्यायला आला होता. आवाज चढवला नाही त्यानं. एवढंच विचारलं, 'साहेब, तुमच्या हातानं व्हऊन बी असं काहून झालं?'

रजिस्टरप्रमाणे त्याचं बरोबर होतं.

२८ जानेवारी, मंगळवार

पुनमचंदशेठ दार लावून तासभर बसले. त्यांचं म्हणणं असं, की सोनाजी तक्रार करणार हे नक्की. सर्जन म्हणून तुमचं नाव आहे आणि तुम्ही तर त्या वेळी वसमतला हार घालून बसला होता, फोटो पेपरात आलाय. दोन्हीपैकी एक खोटं ठरणार. ते धसाला लागलं तर जागा जातील, विभाग जाईल, खालच्या वर्गातली पोरं वाऱ्यावर पडतील. त्यापेक्षा पोरीनं न विचारता ऑपरेशन केलं असं दाखवू. 'तरुण हाय, कुठंबी जाईल,' म्हणाले.

मी रात्रभर विचार करतो म्हटलं, पण खरं लिहायचं तर ते जिना उतरण्याआधीच माझा विचार झाला होता. बाकीच्या पोरांचं नुकसान का करायचं?

अनुसया सिस्टरला रजिस्टरमध्ये नाव बदलायला सांगितलं. सव्वीस वर्षांत तिनं मला कधी उलट उत्तर दिलं नव्हतं. आज रजिस्टर माझ्यापुढे सरकवून म्हणाली, 'सर, तुमी सांगितलं तसं म्या लिवत आले. खोडायचं तुमीच खोडा.'

मीच खोडलं आणि वर हुमेराचं नाव लिहिलं. थिएटरातलं टेबल डुगडुगतं, त्यामुळे अक्षर वेडंवाकडं आलं. सिस्टर तोवर खिडकीकडे तोंड करून उभी होती.

३ फेब्रुवारी, सोमवार

हुमेराचं लॉगबुक पुरं करून दिलं. द्वारकाबाईंच्या ऑपरेशनापुढे 'स्वतः केलं' असं लिहून सही केली. तिला तेच तर हवं होतं, आणि त्यात खोटं काही नाही.

तिनं ते पान उघडलं. मग मागची पानं उलटत गेली, एकेक करून. शेवटी म्हणाली, 'सर, दोनशे अकरा ठिकाणी मदत केली. आणि स्वतः केलं ते एकच.' आवाज अगदी साधा होता, वॉर्डात ताप किती ते सांगते तसा. लॉगबुक माझ्या टेबलावर ठेवून गेली. दार आवाज न करता ओढून घेतलं.

मला राग आला. काय केलं नाही मी या पोरीसाठी, असं मनाशी म्हणत बसलो. मग आठवायला लागलो, काय केलं. फार काही आठवलं नाही.

४ फेब्रुवारी, मंगळवार

सोनाजीनं हुमेराच्या नावानं तक्रार दिली. ट्रस्टनं तिला घरी पाठवलं, दिल्लीची चौकशी होईपर्यंत. वीस तारखेला माणसं येणार आहेत. होस्टेलवरून तिची पेटी न्यायला अन्सारभाई एसटीनं आले होते. मी वरच्या खिडकीतून बघितलं. पेटी डोक्यावर घेऊन चालले होते, ती मागून. खाली जावंसं वाटलं, पण गेलो नाही. अंगात त्यांनीच शिवलेला सदरा होता.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

आज ऑपरेशनं झाली नाहीत. मंगळवारची राहिलेली तीन यादीत होती, अनुसया सिस्टरनं विचारलं, 'कोन करनार?' मी म्हटलं, पुढं ढकला. तिनं कारण विचारलं नाही.

दुपारी पारुबाईनं चहा आणला. काठोकाठ भरलेला. मी कप उचलला आणि निम्मा चहा टेबलावर, कागदांवर, सदऱ्यावर. चटका बसला म्हणून दुसरा हात लावला तर उरलेलाही सांडला. मी तिच्यावर डाफरलो, एवढा भरायचा असतो का?

पारुबाई पदरानं टेबल पुसत म्हणाली, 'मला काय ठाऊक सर. हुमेरा म्याडमनं सांगून ठिवलं व्हतं, सरांना अर्धाच द्यायचा, मागून परत अर्धा द्यायचा, आन् काहून ते इचारायचं न्हाई. दोन वर्सं झाली. आता त्या न्हाईत, आन् कँटीनात नवी पोरगी भरते कप.'

दोन वर्षं. ती गेल्यावर मी दार लावून बसलो. माझा हात थंडीनं थरथरत नाही. मे महिन्यातही थरथरतो. पेन घसरत नाही आणि थिएटरचं टेबलही डुगडुगत नाही. सर्जन आहे मी, हा आजार दुसऱ्या कुणाला असता तर पन्नास पावलांवरून ओळखला असता. मला वाटत होतं हे फक्त मला माहीत आहे, आणि मीही ते स्वतःला सांगत नव्हतो. हुमेराला ठाऊक होतं. सिस्टरला, पारुबाईला. वसमतच्या शिंप्यालाही, म्हणून टिचबटणं.

मला फार लाज वाटली. आणि ती पोरगी इथं नाही याचं फार वाईट वाटलं. तिच्याशिवाय या इमारतीत मला जपणारं कुणी नव्हतं, हे आज कळलं.

८ फेब्रुवारी, शनिवार

एकवीस तारखेच्या पानावर मी खोटं लिहिलंय. स्वतःच्या डायरीत.

पहिला फोन मी पाहिला होता. मांडीवर उजेड पडला, हुमेराचं नाव दिसलं. समोर शंकरसिंग बसला होता, माझं भाषण पुढचंच होतं. मी फोन उलटा करून ठेवला. पुढचे दोन कॉल मग खरंच दिसले नाहीत.

ती माझे हात मागत नव्हती. हातांचं तिला सगळं माहीत होतं. बाहेर येऊन मी एवढंच म्हणायचं होतं, थांब, नळी टाक, पोट बंद कर, नांदेडला पाठव. चाळीस वर्षांच्या अनुभवातली एक ओळ. द्वारकाबाईंची नळी शाबूत राहिली असती. शिकवणारा म्हणून माझं तेवढंच काम उरलं होतं आणि तेही मी केलं नाही.

१२ फेब्रुवारी, बुधवार

तीन दिवस लॉगबुक घेऊन बसलोय. प्रत्येक 'मदत केली' खोडून 'स्वतः केलं' लिहायचं आणि शेजारी सही. पहिल्या वर्षीची सव्वीस तशीच ठेवली, ती खरोखर मदतीची होती. बाकी एकशे पंच्याऐंशी. एका बैठकीत पंधरावीस होतात, मग बोटं वळतात. सह्या एकासारखी दुसरी नाही. बँकेत एकही चालणार नाही.

प्रत्येक नावाशी थांबतो. हे हर्नियाचं, हा बैलानं मारलेला माणूस, हे आतड्याला पीळ पडलेलं लेकरू. मला वाटायचं, मी स्टुलावर बसून हे बघत होतो. आता आठवतं, त्यातल्या निम्म्या दिवशी मी केबिनमध्ये होतो.

२० फेब्रुवारी, गुरुवार

दिल्लीहून दोघं आले होते. मी सगळं सांगितलं. रजिस्टरची पद्धत, हात, फोन, खाडाखोड. एक जण माझ्याहून वीस वर्षांनी लहान. त्यानं विचारलं, 'हात असे झाल्यावर तुम्ही थांबला का नाहीत?' मी म्हटलं, थांबल्यावर घरी जावं लागतं. तो हे लिहून घ्यावं की नाही अशा विचारात पडला.

विभागप्रमुख म्हणून माझा आज शेवटचा दिवस. यंदा नवीन जागा मिळणार नाहीत, चालू पोरांना दुसऱ्या रुग्णालयात हलवतील. डॉक्टरकीच्या नोंदणीचं कौन्सिल ठरवेल. हुमेराच्या लॉगबुकावर ते स्वतंत्र विचार करणार. परीक्षेला बसता येईल का, तर विभागप्रमुखाच्या अशा सह्यांवर कितपत विसंबायचं ते बघावं लागेल, म्हणाले. माझी खोटी सही तीन वर्षं सरळ चालली आणि खरीवर शंका आली.

पुनमचंदशेठ जिन्यात भेटले. 'साहेब, तुमी आमालाच बुडवलं,' म्हणाले आणि बाजूनं निघून गेले.

२३ फेब्रुवारी, रविवार

सकाळच्या एसटीनं निघालो. आधी शिरड शहापूरला उतरलो. द्वारकाबाई ओसरीवर खाटेवर होत्या, फार वाळल्यात. पोटाला अजून नळी आहे. मी उभ्यानंच सांगितलं, तुमचं ऑपरेशन मी केलं नव्हतं, करणारही नव्हतो, मी तुम्हाला फसवलं. सोनाजी उठून आत गेला. माझ्याकडे बघवत नसावं त्याला.

म्हातारी म्हणाली, 'मला ठाव हाय. नांदेडला जाताना ती पोरगी माझा हात धरून बसली व्हती, माझं चुकलं आई म्हणत. तुमी मात्र आज आलाव.' मग सोनाजीला हाक मारून सांगितलं, कागदातून त्या लेकराचं नाव काढ. मला बसा म्हणाली नाही. तेही बरोबरच होतं.

वसमतला अन्सारभाईंचं दुकान बाजार समितीच्या रस्त्याला आहे, मागं घर. त्यांनी मशीन थांबवलं, खुर्ची पुसून दिली. मी लॉगबुकाची प्रत आणि दिल्लीला दिलेल्या जबाबाची प्रत त्यांच्या हातात ठेवली. दोनच वाक्यं ठरवून आलो होतो, तीही धड बोलता आली नाहीत. अन्सारभाई कागद घेऊन आत गेले. बाहेर आले ते एकटेच.

'पोरगी आत हाय,' म्हणाले. 'येनार न्हाई म्हनते. म्या बळंच आनत न्हाई साहेब.'

मी नको म्हटलं. तिला मी आणखी काय मागणार? आत पानं उलटल्याचा आवाज येत होता, एकेक करून. मग तो थांबला आणि कपबशीचा आवाज आला. तिची आई अख्तरीबी ट्रे घेऊन बाहेर आल्या. त्यांना मी आज पहिल्यांदाच भेटलो, मी त्यांना काहीच सांगितलेलं नव्हतं. अन्सारभाईंचा कप भरलेला होता. माझा अर्धा.

मी दारावरच्या पडद्याकडे पाहिलं. पडदा हलला नाही. मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही. दोन्ही हातांनी कप धरून चहा प्यालो, एक थेंब सांडला नाही. अख्तरीबी आत जाऊन पुन्हा अर्धा कप घेऊन आल्या. तोही प्यालो आणि साडेचारच्या बसनं परत आलो.